आत मिळवलेली पदवी

अर्जुना माने बी. ए. झाला तो तुरुंगात. पदवीचा कागद त्याला एका अधिकाऱ्यानं प्रार्थनेच्या हॉलमध्ये दिला. पन्नासेक कैद्यांनी टाळ्या वाजवल्या, एका वार्ताहरानं फोटो काढला, आणि दुपारच्या जेवणाची घंटा झाली तसे सगळे उठून रांगेला गेले. अर्जुनाही गेला. कागद ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यानं तो सदऱ्याच्या आत पोटाशी धरला होता.

त्याआधी तो कवठे महांकाळ तालुक्यातला द्राक्षबागायतदार होता. बागायतदार हा शब्द मोठा झाला. बाग होती एकराची. शेजारची बाग त्याच्या चुलत भावाची, लालासाहेबाची. दोघांच्या बागांना कालव्याचं पाणी एकाच चारीतून यायचं. पाणी नव्हतं तेव्हा दोघं भाऊ एकाच टँकरवर बाग जगवत. भांडण लागलं ते पाणी आल्यावर.

अर्जुनाला मूलबाळ नव्हतं. लालासाहेबाची पोरगी शिवांजली त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला तो शिवू म्हणायचा. सकाळी मोटारसायकलवर पुढं बसवून शाळेत सोडायचा, संध्याकाळी आणायचा. बापापेक्षा तिला काकाच जवळचा, असं तिची आई शालूबाई चेष्टेनं म्हणायची.

शिवांजली पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. छाटणी झालेली, उन्हाळा कडक, पाण्याची पाळी आठवड्यातून एकदा. लालासाहेबाची पाळी दुपारी संपायची होती. ती संपली असं अर्जुनाच्या हिशेबानं झालं होतं, लालासाहेबाच्या हिशेबानं नव्हतं. अर्जुना खोरं घेऊन गेला, भावाला न विचारता चारीचा बांध फोडला आणि पाणी आपल्या बागेकडं वळवलं. लालासाहेब पळत आला. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली. लालासाहेबानं अर्जुनाच्या मेलेल्या बापाचं नाव काढलं, आणि अर्जुनाच्या हातातलं खोरं वर गेलं.

एकच फटका. कानाच्या वर. लालासाहेब चारीत पडला आणि पाणी त्याच्या अंगावरून अर्जुनाच्या बागेत जात राहिलं. अर्जुनानंच त्याला उचललं, त्यानंच जीप बोलावली. मिरजेला पोचायच्या आत भाऊ गेला होता.

त्या दिवशी सकाळी शिवूला शाळेत त्यानंच सोडलं होतं. संध्याकाळी तिला आणायला कुणी गेलं नाही. शाळेच्या शिपायानं अंधार पडल्यावर तिला घरी आणून पोचवलं, तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

खुनाचं कलम टिकलं नाही. रागाच्या भरात घडलं, असं कोर्टानं मानलं आणि दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. अर्जुनाची बाग वकिलाचा खर्च भागवण्यात विकली गेली; घेणारा बाहेरगावचा होता. त्याची बायको संयोगिता लोणंदला माहेरी गेली आणि तिथल्या कांद्याच्या बाजारात कामाला लागली. म्हातारी आई रंगूबाई तेवढी गावात राहिली.

सांगलीच्या तुरुंगातून त्याला मोठ्या तुरुंगात हलवलं. पहिली दोन वर्षं तो कुणाशी फारसा बोलला नाही. सुतारकामाच्या शेडमध्ये रंधा मारायचा आणि बराकीत येऊन पडायचा. तिथं त्याची नईमशी ओळख झाली. नईम मिरजेचा, सतारी आणि तंबोरे करणाऱ्या घरातला. कॉलेजात असताना एका मारामारीत सापडून आत आलेला. तुरुंगातल्या अभ्यास केंद्राचं काम अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं दिलं होतं. फॉर्म भरून घेणं, पुस्तकं वाटणं, अडलेल्यांना शिकवणं.

"अर्जुनाभाऊ, तुमची शाळा किती?" नईमनं विचारलं.

"सातवी."

"मग पूर्वतयारीची परीक्षा द्या. मुक्त विद्यापीठाची आहे. दहावी-बारावी नसली तरी चालतं. ती पास झाला की सरळ बी. ए. ला बसता येतं."

"मी बी. ए. हून काय करू, गड्या? हितं रंधाच मारायचाय."

"शिक्षेत सूट मिळते. शिकणाऱ्याला लवकर सोडतात."

अर्जुनानं फॉर्मवर सही केली ती एवढ्यासाठीच. शिक्षणाची आवड, पश्चात्ताप, नवं आयुष्य, असलं काही त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याला बाहेर पडायचं होतं.

पण अभ्यासानं त्याला धरलं, हेही खरं. सुरुवातीला एक पान वाचायला त्याला दुपार लागायची. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. नईम बाजूला बसून म्हणायचा, "परत." हळूहळू पानं पुढं सरकायला लागली. पूर्वतयारी पास झाली. मग पहिलं वर्ष. इतिहास त्याला आवडला, मराठी आवडली. बराकीत लोक पत्ते खेळत असायचे आणि हा भिंतीला टेकून पुस्तक वाचत असायचा. वाचताना काही काळ आपण कोण आहोत, काय केलं आहे, ते बाजूला राहायचं. त्याला ते हवंहवंसं वाटायला लागलं.

दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या स्वाध्यायात प्रश्न आला: भाऊबंदकीची कारणे सांगून ग्रामीण जीवनावर होणारे तिचे परिणाम लिहा.

नईमनं प्रश्न वाचला आणि म्हणाला, "हा सोडा. दुसरा पर्याय आहे."

अर्जुनानं तोच लिहिला. जमिनीची वाटणी, सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या, मानपान, सगळी कारणं मुद्देसूद लिहिली. परिणामांत कोर्टकचेरी, आर्थिक हानी, कुटुंबाचं विघटन, स्त्रिया व मुले यांची परवड, असं लिहिलं. पुस्तकात होतं तसंच. तपासणाऱ्यानं 'उत्तम' असा शेरा मारला. अर्जुनाला आनंद झाला. स्त्रिया व मुले म्हणजे शालूवहिनी आणि शिवू, हे लिहिताना त्याच्या मनात आलं का, असं नईमनं त्याला पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं. अर्जुना म्हणाला, "न्हाई आलं. तेच तर."

सूट धरून साडेसात वर्षांनी तो सुटला. संयोगिता त्याला न्यायला आली होती. लोणंदला तिच्या भावाच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती, तिथं दोघं राहायला लागले. संयोगितानं पदवीला चौकट करून आणली आणि देवाच्या फोटोशेजारी लावली. आल्यागेल्याला ती सांगायची, "आमचं ह्यांनी बी. ए. केलंय." कुठून केलं ते सांगायची नाही. लोकांना ठाऊकच असायचं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून पाहिजे होता. मुलाखत चांगली झाली. साहेब म्हणाले, "वय जास्त आहे, पण अक्षर छान आहे तुमचं. पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला तेवढा आणा." अर्जुना दाराबाहेर पडला आणि परत गेलाच नाही. पुढं दोन ठिकाणी तेच झालं. नंतर त्यानं विचारणं सोडलं. कांद्याच्या बाजारात हमालीला कुणी दाखला मागत नव्हतं. तिथंच तो लागला. दोनतीन व्यापारी त्याच्याकडून अर्जबिर्ज लिहून घ्यायचे, आणि मग तो परत पोती उचलायला जायचा.

कोरोना येऊन गेला. त्यानंतरच्या वर्षी रंगूबाई वारली. गावी जाणं भाग होतं. आईला अग्नी देऊन तो दहाव्यापर्यंत तिथंच राहिला. माणसं भेटायला येत होती, बसत होती, पण चहा कुणी घेत नव्हतं. गाव पुष्कळ बदललं होतं. माळावर जिकडंतिकडं बेदाण्याची शेडं उभी राहिली होती. दहाव्याच्या आदल्या दिवशी तो रस्त्यानं जात असताना एका शेडसमोर बायका बेदाणा निवडत बसलेल्या दिसल्या. तोंडाला फडकी बांधलेली. त्यातली एक मान वर करून त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांवरून त्यानं ओळखलं.

त्यानं भावकीतल्या एकाला विचारलं, "शिवू शेडात कशी? शिकती न्हाई?"

"आठवीतच सुटली की शाळा. कोन धाडनार? शालूबाई एकटी. बाग दुसऱ्याला कसायला दिली, अन मायलेकी शेडात जायला लागल्या. तुला म्हाईत न्हाई?"

त्याला माहीत नव्हतं. साडेसात वर्षांत आणि त्यानंतरही त्यानं ते कुणालाच विचारलं नव्हतं. आई तुरुंगात भेटायला यायची तेव्हासुद्धा विचारलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी तो लालासाहेबाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. शालूबाई दारात आली. थकलेली दिसत होती. एक हात लुळा पडल्यासारखा अंगाशी धरला होता. ती ओरडली नाही. "काय पायजे?" एवढंच म्हणाली.

"वहिनी, मला शिवूशी बोलायचंय. तिच्या शाळंचं."

शिवांजली आतून आली. एकवीस-बावीस वर्षांची, बापासारखी उंच. ती उंबऱ्यातच थांबली.

अर्जुना घाईघाईनं बोलायला लागला. "दहावी बाहेरनं देता येती. सतरा नंबरचा फॉर्म असतोय. शाळंत जायाची गरज न्हाई, घरी अभ्यास करायचा अन परीक्षेला बसायचं. मग बारावी बी तशीच. त्याच्या पुढं नर्सिंगला, कशाला बी जाता येतं. मला सगळं म्हाईत हाय. मी फॉर्म भरतो, पुस्तकं आनतो..."

"तिला नर्सच व्हायचं हुतं," शालूबाई मध्येच म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलली ते कळलं नाही.

शिवांजलीनं विचारलं, "तुमी किती शिकला?"

"बी. ए."

"कुठं?"

अर्जुनानं टोपी काढून हातात घेतली.

"माझा बाप गेला तवा मी पाचवीत हुते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी सातवी पास. आता तुमी बी. ए. अन मी आठवी. तुमाला बसून अभ्यास करायला जागा हुती, पुस्तकं हुती, जेवाय दोन टाइम आयतं हुतं. मला सांगा, सरकारनं शिक्षा कुनाला दिली?"

शालूबाई लेकीला म्हणाली, "अगं, फॉर्म भरतोय म्हनतोय तर भरू दे. आपलं काय जातंय?"

"न्हाई आई. ह्याच्या हातनं न्हाई." आणि त्याला म्हणाली, "जावा तुमी."

तो गेला. लोणंदला परत आल्यावर काही दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. संयोगितानं भिंतीवरची चौकट उतरवलेली पाहिली, विचारलं नाही.

मग तो मिरजेला नईमकडं गेला. नईम सुटून आला होता आणि स्टेशनजवळ त्यानं छोटं दुकान टाकलं होतं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना मार्गदर्शन. अर्जुनानं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तू जा तिच्याकडं. माझं नाव काढू नको. पुस्तकं मी घेऊन दीन. तिला वाटू दे एखादी संस्था करतीया."

नईमला ते पटलं नाही. "अर्जुनाभाऊ, ती नको म्हणाली आहे ना?"

"मला नको म्हनली. शिक्षनाला न्हाई."

"आणि उद्या तिला कळलं तर?"

"कसं कळंल? मी गावात जानारच न्हाई."

नईम बराच वेळ दुकानातल्या मशीनशी खुडबुड करत राहिला. शेवटी हो म्हणाला, पण एकटीसाठी नाही. गावात वर्गच घेतो म्हणाला. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी दर रविवारी समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. शेडातल्या पाच-सहा जणी यायला लागल्या. हळूहळू गळत गेल्या. कुणाच्या नवऱ्यानं नको म्हटलं, कुणाला रविवारीही कामावर जावं लागलं. शिवांजली टिकली.

नईम फोनवर सांगायचा. गणितात कच्ची आहे, पण सोडत नाही. शेडात बेदाणा निवडताना पाढे म्हणते, बाकीच्या हसतात. इंग्रजीचा धडा पाठच करून आली. फॉर्म भरला. हॉल तिकीट आलं. अर्जुना पोत्यांच्या थप्पीला टेकून ऐकायचा. त्या दिवसांत तो बाजारात कुणाशी तरी हसून बोलला, असं लोक सांगतात.

शिवांजलीचं परीक्षा केंद्र मिरजेत आलं. शेवटच्या पेपरच्या दिवशी अर्जुना लोणंदहून सकाळच्या गाडीनं मिरजेला आला. कशाला आलात, असं नईमनं विचारल्यावर म्हणाला, "लांबनं बघतो. येवढंच." नईमनं त्याला परत जायला सांगितलं. तो गेला नाही. शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडं चहाचा गाडा होता, तिथं दोघं उभे राहिले.

पेपर सुटला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं आरडाओरडा करत बाहेर पडली, शाई उडवायला लागली. त्यांच्या मागून शिवांजली आली. ठेवणीतली साडी, हातात पारदर्शक पाऊच. पोरांच्या घोळक्यातून वाट काढताना ती हसत होती. तिनं नईमला शोधत नजर फिरवली. नईम दिसला, आणि त्याच्या शेजारी अर्जुना दिसला.

ती रस्ता ओलांडून आली. हसू कधीच गेलं होतं.

"सर, ह्यो हितं कसा?" तिनं नईमला विचारलं.

नईमनं थाप मारायला तोंड उघडलं, पण त्याला जमलं नाही. "शिवांजली, पुस्तकं ह्यांनी दिली," तो म्हणाला. "मी तुझ्या गावात आलो तेही ह्यांच्या सांगण्यावरून. शिकवलं ते मात्र मी मनापासून."

शिवांजलीनं हातातल्या पाऊचकडं बघितलं, मग अर्जुनाकडं.

"शिवू, मी फक्त..." अर्जुना बोलायला लागला.

"शिवू म्हनू नका." गाड्यावरचे लोक बघायला लागले होते. "मी न्हाई म्हनले हुते. तोंडावर सांगितलं हुतं. तरी तुमी केलंच. त्या दिवशी चारी फोडली तवाबी कुनाला इचारलं न्हाई. आज मला बी तसंच वळवलं, तुमच्या मनाला येईल तसं. तुमाला बरं वाटावं म्हनून."

"तुझं चांगलं व्हावं म्हनून, पोरी."

"माझं चांगलं काय, ते तुमी ठरवनार?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग जरा शांत होऊन म्हणाली, "पेपर मी लिवल्यात. ते मी फेकून देनार न्हाई, तुमच्यापायी तर न्हाईच. पास झाले तर फुडं जाईन, न्हाईतर न्हाई. पर ह्याच्या फुडं तुमचं काय बी नको. पुस्तक नको, सल्ला नको. गावात यायचं न्हाई. आई मेली तरी न्हाई, मी मेले तरी न्हाई. अन सर, तुमी बी येऊ नका आता."

नईम म्हणाला, "निकालाचं तरी..."

"मी बघीन माझी."

ती स्टँडच्या दिशेनं चालत गेली. अर्जुना दोन पावलं तिच्यामागं गेला, तेव्हा नईमनं त्याचा दंड धरला.

निकाल लागला त्या दिवशी नईमनं नंबर टाकून बघितला. ती पास झाली होती. गणितात काठावर, मराठीत चांगले मार्क. त्यानं अर्जुनाला फोन केला. अर्जुना "बरं झालं" म्हणाला आणि फोन ठेवला. पुढं बारावीचा फॉर्म तिनं भरला की नाही, ते नईमला कळलं नाही. त्याच्या दुकानात ती आली नाही. गावातला वर्ग तिनं सांगितल्याप्रमाणं त्यानं बंद केला. बाकीच्या ज्या एकदोघी पुढच्या वर्षी बसणार होत्या, त्यांचंही राहून गेलं.

अर्जुना आणि नईम यांच्यात त्यानंतर बोलणं कमी झालं. भांडण झालं नाही. बोलण्यासारखं एकच होतं, आणि त्यावर दोघांनाही बोलायचं नव्हतं.

गेल्या थंडीत शालूबाई गेल्याचं कळलं. गावाकडून कांदा घेऊन आलेल्या एका गाडीवाल्यानं बाजारात सांगितलं. अर्जुनानं अर्ध्यातच काम टाकलं आणि घरी आला. संयोगितानं पिशवीत कपडे भरले होते, त्याला वाटलं आपल्यासाठी. पण ती स्वतःच निघाली होती.

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. "मी जाऊन येते. जाऊबाई हुती ती माझी."

ती दुसऱ्या दिवशी परतली. अर्जुना दारातच बसला होता.

"शिवांजली भेटली?"

"भेटली."

"काय म्हनली?"

"बसा म्हनली. पानी दिलं. निघताना स्टँडपतुर आली पोचवायला."

"माझं काय इचारलं?"

"न्हाई."

मग तो म्हणाला, "शिकती का अजून?"

संयोगितानं पिशवीतलं पातळ काढून दोरीवर टाकलं. "मी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तिच्या आईला जाळून आल्यावर मी काय तिला परीक्षेचं इचारू?"

बाजारात संध्याकाळच्या गाड्या लागायची वेळ झाली होती. अर्जुना उठला, खांद्यावर हमालीचं रिकामं पोतं टाकलं आणि कामावर गेला.